तालमीत ‘करत आहेस’, चहाला ‘करलालास’

फ्लेक्सवर माझं नाव बरोबर आलं होतं. खाली पदनाम छापलं होतं ‘ड्रामाटर्न’. छापणाऱ्या पोराला मी मेसेजमध्ये ‘ड्रामाटर्ग’ असंच पाठवलं होतं, पण त्याला ती माझी टायपिंगची चूक वाटली आणि त्यानं ती आपणहून सुधारली. फोन केला तर म्हणाला, “ताई, टर्नच की! टर्ग काय असतंय?” नवीन फ्लेक्सचे पैसे कोण देणार, म्हणून तो तसाच लागला. आईनं फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. मामांनी अभिनंदन करून विचारलं, “म्हणजे नाटकाला वळण लावायचं काम का तुझं?” माझ्या संशोधनाच्या आराखड्यात मी या कामाची दीड पान व्याख्या केली होती. मामांची त्याहून बरी होती.

ड्रामाटर्ग म्हणजे संहितेवर लेखक-दिग्दर्शकाला प्रश्न विचारणारं माणूस. हा शब्द जर्मनीतला. १७६७ साली हँबुर्गमध्ये एक राष्ट्रीय नाट्यगृह उभं राहिलं आणि तिथं होणाऱ्या नाटकांवर लिहिण्यासाठी लेसिंग या नाटककाराला पगारावर घेतलं. नाट्यगृह दोनेक वर्षांत बंद पडलं, लेख मात्र राहिले. सुरुवातीला तो नटांच्या कामावरही लिहायचा. मंडळी दुखावली, मग त्यानं तो विषयच सोडला आणि पुढं फक्त नाटकांवर लिहीत राहिला. ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा हसले होते. आता हसत नाही. आपल्याकडे या कामाला नाव नव्हतं एवढंच. किर्लोस्कर नाटक मंडळीत नाटककार देवल तालमी घ्यायचे तेव्हा नटाला वाक्याचा अर्थ फोडून सांगणं, कुठं थांबायचं ते दाखवणं, हे सगळं त्यातच यायचं. तालीममास्तर म्हणायचे. मला तोच शब्द चालला असता, पण फ्लेक्सवर ‘तालीममास्तर’ छापलं असतं तर मामांनी कुस्तीचं विचारलं असतं.

माझं पीएच.डी.चं हे चौथं वर्ष. त्याआधी आठ-नऊ वर्षं सोलापुरात हौशी नाटकं केली. एकांकिकांपासून सुरुवात, मग दोन अंकी, मग एकदम दिग्दर्शन, कारण दिग्दर्शन करणारा दादा नोकरीला पुण्याला गेला आणि वही माझ्या हातात देऊन गेला. एम.ए. नाट्यशास्त्र केलं, नेट निघाली, जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची पाठ्यवृत्ती, थोडक्यात हुकली. २०२३ पासून जेआरएफ महिन्याला ३७,००० झाली, ती बातमी मी तासिका तत्त्वावरच्या तासाला जाताना सिटी बसमध्ये वाचली. त्यामुळं ‘संशोधन आणि नाटक यांचा तोल कसा सांभाळतेस’ असं कुणी विचारलं की मला आधी तिसरी गोष्ट आठवते, ती म्हणजे पोट. ती इथं सोडून देते. तिच्यावर लिहायला बसले तर नाटक राहून जाईल.

विषय मी हौसेनं घेतला होता: हौशी रंगभूमीवरची बोली आणि प्रमाणभाषा, सोलापूरच्या संदर्भात. आमच्या गावात चालू वर्तमानकाळ वेगळा चालतो. ‘काय करतोयस’ला आम्ही ‘काय करलालास’ म्हणतो, ‘येतोय’ला ‘येलालोय’. मागं ‘बे’ लागला की वाक्य पूर्ण. त्यात कानडीचा हेल, पूर्व भागात गेलात तर तेलुगू, बेगम पेठेत दखनी. एकाच रिक्षात चार भाषा बसतात आणि भाड्यावरून पाचवीत भांडतात. पण हेच लोक मंचावर चढले की ‘तू काय करत आहेस, सुरेश?’ असं बोलायला लागतात. विंगेत उभा असतो तोवर ‘कुठं गेला बे माझा रुमाल’, आणि एंट्री घेतली की सदाशिव पेठ. हे का होतं, याचं मला लहानपणापासून कुतूहल. भरताच्या नाट्यशास्त्रापासून ही वाटणी आहेच: राजाला संस्कृत, बायकांना आणि सेवकांना प्राकृत. ‘शाकुंतला’तला मासे पकडणारा मागधी बोलतो. आमच्या नाटकांत नायक प्रमाण मराठी बोलतो आणि त्याचा गडी ‘व्हय जी’ म्हणतो. मालवणीला ‘वस्त्रहरण’नं १९८० साली रंगमंचावर जी पत मिळवून दिली, तशी सोलापुरीला अजून मिळालेली नाही. तिच्या वाट्याला आल्या त्या विनोदी रील्स.

तर अभ्यासाची पद्धत सोपी वाटत होती. जुन्या संहिता गोळा करायच्या, त्यांत बोलीची रूपं किती, कुठल्या पात्राच्या तोंडी, ते मोजायचं. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे, तेव्हापासून गावोगावच्या मंडळींनी टंकलिखित, सायक्लोस्टाइल, नंतर झेरॉक्स अशा प्रती काढल्या. मी जुन्या नटांच्या घरी जाऊन ट्रंका उघडल्या. एका काकूंनी प्रत देण्याआधी तीन तास बसवून घेतलं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊ घातली, आणि शेवटी म्हणाल्या, “पेटीत झुरळं आहेत, तूच काढ.” अशा सदतीस संहिता जमल्या. कोर्सवर्कसाठी पुण्याला राहिले ते महिने सोडले तर सगळं काम इथंच. मोजणी केली. बोलीची रूपं नगण्य निघाली, तीही नोकर, म्हातारी आणि दारुड्या यांच्याच तोंडी. दुसरं प्रकरण झपाट्यानं लिहून झालं. निष्कर्षही ठणठणीत: सोलापूरच्या हौशी रंगभूमीनं स्वतःची भाषा मंचावर आणलीच नाही. सरांनी वाचलं, समासात ‘ठीक’ लिहिलं. सरांचं ‘ठीक’ म्हणजे मोठी गोष्ट. मी खूश.

त्याच हिवाळ्यात दोन नाटकं एकदम आली.

एक आमच्याच मंडळीचं. विडी वळणाऱ्या एका बाईच्या घरातली एक रात्र, दुसऱ्या दिवशी कारखान्यात हजार विड्या द्यायच्यात आणि सातशेच झाल्यात, एवढाच विषय. आमच्यातल्याच एका मुलानं लिहिलेलं. दिग्दर्शन माझ्याकडं. दुसरं पुण्याच्या एका तरुण गटाचं, १९३० च्या सोलापूरच्या मार्शल लॉवर. त्यांना इथला कुणीतरी ‘संहितेसाठी’ हवा होता. फ्लेक्सवरचं ड्रामाटर्न प्रकरण ते. एका नाटकात मी निर्णय घ्यायचे, दुसऱ्यात फक्त प्रश्न विचारायचे, आणि या दोन्हींच्या मधल्या वेळात सहामाही प्रगती अहवाल भरायचा, असं ते वेळापत्रक होतं. शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेस पकडायची, रात्री दहाच्या सुमारास सोलापूर, शनिवार-रविवार आमची तालीम, सोमवारी पहाटे पुन्हा तीच गाडी. जिचं नाव हुतात्मा, त्याच गाडीत बसून हुतात्म्यांवरच्या नाटकाची टिपणं काढायची, याचं पहिल्या आठवड्यात अप्रूप वाटलं. नंतर फक्त खिडकीची जागा मिळाली की नाही हे बघायचे.

पुण्याच्या संहितेत अभ्यास होता, तक्रार करायला जागा नव्हती. गांधीजींना अटक झाल्यावर मे महिन्यात गिरण्या बंद पडल्या, गोळीबार झाला, १२ मेला मार्शल लॉ लागला, आणि पुढच्या वर्षी १२ जानेवारीला येरवड्यात चौघांना फाशी दिलं. तारखा सगळ्या बरोबर. लेखकानं एक गोष्ट मात्र केली होती. चौघेही एकसारखे बोलत होते. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. ही चार नावं नुसती मोठ्यानं वाचली तरी गाव कसलं आहे ते कळतं, आणि नाटकात चौघंही भाषणाच्या स्पर्धेत उतरल्यासारखे ‘मातृभूमीच्या चरणी’ बोलत होते. मी पहिल्या वाचनाला एकच प्रश्न विचारला: “कोठडीत रात्री हे एकमेकांशी कुठल्या भाषेत बोलत असतील?” लेखक गप्प झाला. मग म्हणाला, “याचा पुरावा आहे का काही?”

पुरावा माझ्याकडं नव्हता. संशोधक म्हणून मी म्हणायला हवं होतं की नाही, आणि म्हणून याबद्दल विधान करता येत नाही. दिग्दर्शक असते तर म्हणाले असते, जाऊ दे पुरावा, धनशेट्टींच्या तोंडी कानडी टाक. ड्रामाटर्गनं यातलं काहीच म्हणायचं नसतं. तिनं प्रश्न तिथंच ठेवून चहा प्यायचा असतो. मला ते जमायला तीन आठवडे लागले. दरम्यान मी लेखकाला एकोणीस पानांचं टिपण पाठवून चुकले होते. त्यात १८७७ सालच्या जुन्या गिरणीपासून सुरुवात होती. त्यानं उत्तर पाठवलं: ‘छान आहे. वाचतो.’ त्यानं ते वाचलेलं नाही हे मला आजही माहीत आहे आणि मी त्याला दोष देत नाही.

इकडं सोलापुरात मी याच्या उलट वागत होते. आमची तालीम अशोक चौकाच्या पुढं एका शाळेच्या वर्गात, संध्याकाळी सातला. कुणी यंत्रमागावरून सुटून येणार, कुणी दुकानातून, एक मुलगी नर्सिंगची ड्यूटी संपवून. अशा दमलेल्या माणसांसमोर मी एकदा ब्रेख्त या जर्मन नाटककारावर चाळीस मिनिटं बोलले. तो स्वतः बर्लिनमध्ये ड्रामाटर्ग होता, त्यानं नटाला पात्रापासून अंतर कसं ठेवायला सांगितलं, आपल्याकडे त्याच्या नाटकाचं ‘अजब न्याय वर्तुळाचा’ कसं झालं, सगळं. गाडीत वाचलेलं ताजं होतं, ते कुठंतरी ओतायचं होतं. आमच्यातले सर्वांत वयस्कर नट, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, “बरं, मग मी खिडकीकडं कधी जायचं?”

त्या दिवशी तालीम झालीच नाही म्हटलं तरी चालेल. नर्सिंगवाली मुलगी पुढचे दोन दिवस आली नाही.

मग अक्का आल्या आणि नाटक सुरू झालं. अक्का म्हणजे आमच्या लेखकाच्या शेजारी राहणाऱ्या, साठीच्या आसपासच्या, तेलुगू घरातल्या. वयाच्या बाराव्या वर्षापासून विड्या वळतात. त्यांना फक्त हात दाखवायला बोलावलं होतं. मुख्य भूमिका करणाऱ्या मुलीनं यूट्यूबवर बघून विडी वळणं शिकलं होतं आणि ते बघवत नव्हतं. अक्कांनी येताना सूप आणलं, कात्री आणली, पान कापायचं पत्र्याचं माप आणलं. भिजवलेली पानं फडक्यात गुंडाळून आणली. मांडीवर सूप घेऊन बसल्या आणि पान मापावर ठेवून कापणं, चिमूटभर तंबाखू पसरणं, वळणं, टोक दाबणं, दोरा गुंडाळणं, हे सगळं एवढ्यात झालं की आम्हाला पुन्हा करा म्हणावं लागलं. त्यांनी पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदा. मग आमच्याकडं न बघताच करत राहिल्या, कारण पानं भिजली होती, वाया कशाला घालवायची.

मुलीनं वळता वळता संवाद म्हणायला सुरुवात केली. आमच्या संस्कारांप्रमाणं तोंड प्रेक्षकांकडं, हनुवटी वर, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत. अक्का म्हणाल्या, “असं वर बघून कोण बोलतंय? दोरा तुटतोय.” हात चालू असताना बाई वर बघत नाही, तिचं सगळं बोलणं सुपात पडतं. भांडणसुद्धा. नवऱ्याला शिव्या द्यायच्या असल्या तरी त्या सुपालाच. मी दिग्दर्शक म्हणून आठ वर्षं ‘वर बघ, वर बघ’ ओरडले होते. पहिला अंक आम्ही पूर्ण बदलला. बाई संपूर्ण पाऊण तास खाली बघून बोलते, आणि एकदाच मान वर करते, तेव्हा प्रेक्षागृहात काय होतं ते मी विंगेतून बघितलं आहे. ही सूचना मला कुठल्या पुस्तकानं दिली नसती, आणि हेही खरं की ब्रेख्त वाचलेला नसता तर अक्कांचं वाक्य मी ‘हो हो, बघू’ म्हणून सोडून दिलं असतं. दोन्ही खरं आहे. फक्त ब्रेख्त मी माझ्यापाशी ठेवायला हवा होता.

भाषाही तिथंच बदलली. संहितेत बाईचं वाक्य होतं, ‘तू इतक्या उशिरा काय करत आहेस?’ अक्का कोपऱ्यात बसून हसल्या. “हे कोण बाई? हेडमास्तरीण काय?” मग त्या वाक्याचं ‘एवढ्या रात्री काय करलालास बे’ झालं, आणि ते एक वाक्य बदलल्याबरोबर बाकीचं सगळं खोटं वाटायला लागलं. दहा दिवसांत नाटक उलटंपालटं झालं. मुलगा आईशी सोलापुरीत, आई शेजारणीशी तेलुगूत, कारखान्याचा माणूस आला की दोघी एकदम पुस्तकी मराठीत. कारखान्याच्या माणसाशी पुस्तकी बोलायचं हे अक्कांनीच सांगितलं, त्यांना आम्ही विचारलंही नव्हतं. माल चांगला नाही म्हणून तो विड्या बाजूला काढायला लागला की बाईची मराठी आणखी शुद्ध होते. घाबरली की शुद्ध! हे मी माझ्या वहीत तीनदा अधोरेखित केलं.

आणि मग एका रात्री, घरी, ताटावर बसलेली असताना, मला घाम फुटला.

परिनिरीक्षण मंडळाकडं संहिता दोन महिन्यांपूर्वीच गेली होती. प्रमाणपत्राशिवाय प्रयोग करता येत नाही, त्यामुळं ती आधीच टाइप करून पाठवावी लागते. पाठवली होती मीच. आणि पाठवण्याआधी एक रात्र बसून मी तिची भाषा ‘नीट’ करून घेतली होती. लेखकानं दोन-चार ठिकाणी लिहिलेलं ‘बे’सुद्धा मी काढलं होतं, का, तर सरकारी काम आहे. म्हणजे शिक्क्याच्या कागदावर ‘करत आहेस’ आणि मंचावर ‘करलालास’. उद्या पन्नास वर्षांनी एखादी विद्यार्थिनी लेखकाच्या घरची ट्रंक उघडेल, झुरळं झटकेल, ही प्रत काढेल, मोजणी करेल आणि लिहील: सोलापूरच्या हौशी रंगभूमीनं स्वतःची भाषा मंचावर आणलीच नाही.

माझ्या सदतीस संहितांमधल्या किती अशा असतील? मी दुसऱ्या दिवसापासून फोन करायला बसले. ट्रंकवाल्या काकूंच्या यजमानांना, ऐंशीच्या पुढचे आहेत, विचारलं, “काका, तुम्ही हे असंच बोलायचा का मंचावर?” ते म्हणाले, “छे! ते छापायचं. बोलायचं वेगळं.” ‘छापायचं’ आणि ‘बोलायचं’ अशा दोन गोष्टी असतात हे त्यांना इतकं उघड होतं की सांगावंसं वाटलं नव्हतं, आणि मला विचारावंसं वाटलं नव्हतं. सगळ्यांनी असं सांगितलं नाही. काही जण खरोखरच पुस्तकी बोलायचे, आणि अभिमानानं सांगत होते. पण माझा ठणठणीत निष्कर्ष संपला होता. दुसरं प्रकरण गेलं. त्याबरोबर एक वर्ष गेलं.

सरांना सांगायला गेले तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “हे तुला नाटक करत नसतीस तर कळलं असतं का?” मी म्हटलं, नाही. “मग ते लिही.” मी म्हटलं, सर, पण माझंच नाटक, मीच दिग्दर्शक, मीच पुरावा, समितीला हे चालेल का? सर म्हणाले, “समितीचं मी बघतो. तू आधी ठरव, तू यात साक्षीदार आहेस की आरोपी.” हे वाक्य त्यांनी सहज टाकलं असेल. मी तेव्हापासून ते उचलून फिरते आहे.

समितीच्या बैठकीची तारीख आली ती आमच्या रंगीत तालमीच्या दुसऱ्या दिवशीची. रात्री दीडपर्यंत प्रकाशयोजना लागत नव्हती. भाड्यानं आणलेल्या डिमरचे दोन चॅनेल मेलेले, स्पॉट बाईच्या हातावर पडायचा तो खुर्चीवर पडत होता. पहाटेच्या गाडीत मी सादरीकरण तयार केलं आणि दौंडच्या आसपास झोपले. बैठकीत एक सदस्य म्हणाल्या की हे प्रकरण कमी आणि तालमीचा अहवाल जास्त वाटतो. बरोबर होतं ते. मी दिग्दर्शकाच्या घाईत लिहिलं होतं. तालमीत सातला विचारलेल्या प्रश्नाला सव्वासातला उत्तर द्यावं लागतं, चुकीचं असलं तरी. ती सवय घेऊन मी कागदावर बसले होते. आणि त्याच्या उलट, संशोधनातली वाट बघायची सवय घेऊन तालमीत गेले की मास्तर विचारणार, खिडकीकडं कधी जायचं.

प्रयोग झाला. कुठल्या स्पर्धेत ते सांगत नाही. प्रेक्षागृह भरलं होतं आणि पहिल्या ‘करलालास’ला लोक हसले. विनोद नव्हता तिथं, बाईला मुलाचा राग आलेला होता. आपली भाषा मंचावरून ऐकली की आधी हसूच येतं, हे मी गृहीत धरलं नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी हसणं थांबलं. मध्यंतरात मागच्या रांगेतल्या दोन बायका तेलुगूत काहीतरी बोलत होत्या, मला ‘सूप’ तेवढं कळलं. निकालानंतर एका परीक्षकांनी आम्हाला बाजूला घेऊन आपुलकीनं सांगितलं, “विषय चांगला, पण उच्चारांवर काम करा. भाषा शुद्ध हवी.” मास्तरांनी हात जोडून “हो साहेब” म्हटलं. पुस्तकी मराठीत. अगदी आमच्या नाटकातल्या बाईसारखं. मी हसू दाबायला पाठ फिरवली.

मार्शल लॉचं अभिवाचन १२ जानेवारीला झालं. गावात गड्ड्याच्या जत्रेची गडबड सुरू, होम मैदानावर पाळणे उभे राहिलेले, आणि आम्ही एवढ्याशा हॉलमध्ये चाळीस माणसांसमोर वाचलेलं. लेखकानं कोठडीतला प्रसंग बदलला होता. मला न सांगता. चौघं आता बोलतच नव्हते फारसे. एक जण अर्धं वाक्य कानडीत म्हणतो, दुसरा त्याचा अर्थ तिसऱ्याला विचारतो, तो चुकीचा सांगतो. मग हसतात. एवढंच. यालाही पुरावा नाही. पण माझ्या एकोणीस पानांतलं एकही पान तिथं नव्हतं आणि पहिल्या दिवशीचा प्रश्न मात्र पुरा तिथं होता.

आता मी दुसरं प्रकरण पुन्हा लिहिते आहे. त्यासाठी तालमींची रेकॉर्डिंग ऐकते. मोबाइल खिडकीत ठेवून रोज चालू केलेला असायचा, तशी साठ-सत्तर तासांची आहेत. नट कधी कुठल्या भाषेत जातात ते नोंदवायचं. परवा एक फाइल लावली. चहाच्या वेळची गडबड, कप, कुणीतरी ‘बिस्कुट दे बे’, आणि एका बाईचा मोठा आवाज: ‘काय करलालाव रे तुम्ही सगळे, वाजले किती!’ तो माझा आवाज. मग टाळी, शांतता, तालीम सुरू. आणि तोच आवाज: ‘तू तिथून येताना नेमकं काय करत आहेस? पुन्हा एकदा कर.’

फाइल थांबवून मागं घेतली. पुन्हा ऐकली. दुसऱ्या फाइलमध्येही तेच. ज्या आठवड्यात मी सगळ्यांना ‘सोलापुरीत बोला, घाबरू नका’ सांगत होते, त्या आठवड्यातल्या सूचनाही सगळ्या पुस्तकी मराठीत. ‘घाबरू नका’सकट.

सरांना अजून सांगितलेलं नाही. वहीत तारीख, फाइलचा क्रमांक, मिनिट, सेकंद लिहिलं. ‘बोलणारी व्यक्ती’ या रकान्यात आधी ‘दिग्दर्शक’ लिहिलं, मग खोडलं, मग ‘मी’ लिहिलं, तेही बरं दिसेना. रकाना रिकामा ठेवून पुढच्या फाइलवर गेले. साडेसहाला मास्तरांचा फोन आला. विडीच्या नाटकाचा पुढचा प्रयोग बार्शीला लागला आहे, आजपासून तालमी.

“ताई, येलालाव का? किल्लीवाला निघाला म्हणतोय.”